आखाजीच्या उन्हात पगचं पिल्लू नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मार्च सरला की जळगाव, भुसावळ, धुळ्याकडे छोट्या जाहिरातींत आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पग जातीच्या कुत्र्याच्या पिल्लांचे फोटो दिसू लागतात. ‘पंच फेस’ (अगदी चपटा चेहरा), ‘हेवी बोन’ (जाड हाडापेराचं), ‘विथ पेपर’, ‘विदाउट पेपर’ (वंशावळीच्या कागदांसह किंवा त्यांच्याविना) ही त्यातली भाषा. शाळांना सुट्या लागतात, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, घर पोराटोरांनी भरतं आणि त्याच दिवसांत पिल्लूही घरात येतं. पग आम्हाला मनापासून आवडतो म्हणून हे पत्र लिहीत आहोत. खान्देशात पग आणायला वर्षातला सगळ्यात वाईट काळ हाच, आणि ज्या पंच फेसचे पैसे जास्त मोजले जातात तेच त्याचं मूळ दुखणं.

हा कुत्रा मूळचा चीनचा. बसक्या नाकाचे छोटे कुत्रे तिथल्या राजदरबारांत शतकानुशतकं पाळले गेले. त्यांना शिकारीला नेत नसत की राखणीला ठेवत नसत, माणसाजवळ बसणं हेच त्यांचं काम. कपाळाच्या सुरकुत्यांत ‘राजा’ या अर्थाचं चिनी अक्षर दिसलं तर त्या कुत्र्याचं मोल आणखी वाढायचं. सोळाव्या शतकात डच व्यापाऱ्यांबरोबर तो युरोपात गेला आणि हॉलंडच्या ऑरेंज घराण्याचा लाडका झाला. १५७२ मध्ये छावणीवर रात्रीचा छापा पडला तेव्हा पॉम्पी नावाच्या पगने राजपुत्र विल्यमला जागं केलं, अशी आख्यायिका तिकडे आजही सांगतात. पुढे त्याच घराण्यातला तिसरा विल्यम १६८८ मध्ये इंग्लंडला आला आणि तिथे पगची चलती झाली. १८८३ मध्ये इंग्लंडात खास पगसाठी क्लबही निघाला.

होगार्थ या इंग्रज चित्रकाराने १७४५ मध्ये स्वतःचं एक चित्र पूर्ण केलं. त्यात पुढ्यात त्याचा ट्रम्प नावाचा पग बसला आहे. इंटरनेटवर ते चित्र सहज सापडतं, पिल्लू घेण्याआधी एकदा बघावं. त्या पगचे पाय आजच्यापेक्षा उंच आहेत आणि मुस्कट चांगलं पुढे आलेलं आहे. आजचा चपटा चेहरा नंतरच्या काळात, श्वानप्रदर्शनांच्या आवडीपायी, पिढ्यान्‌पिढ्या निवड करून आणला गेला. म्हणजे माणसाने मनावर घेतलं तर तो परत थोडा पुढेही आणता येईल.

आपल्याकडे पग घरोघरी माहीत झाला तो हच या मोबाइल कंपनीच्या २००३ च्या जाहिरातीमुळे. पोरगा जाईल तिथे मागे मागे चालणारं ते कुत्रं कोण विसरलं असेल? स्वभावाच्या बाबतीत ती जाहिरात खरी होती. पग माणसाची सावली होऊन राहतो. बाई स्वयंपाकघरात गेली तर ओट्याखाली बसेल, म्हातारं माणूस झोपाळ्यावर बसलं तर पायाशी येऊन पडेल. तो विनाकारण भुंकत नाही आणि लहान मुलांची ओढाताण फार सोसतो. मात्र हट्टी असतो. शी-शूची जागा शिकायला त्याला इतर कुत्र्यांपेक्षा जास्त दिवस लागतात आणि आवाज चढवला तर तो रुसून कोपरा धरतो. त्याला ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी न्यावं आणि जमलं की लगेच कौतुक करावं. दिवसभर एकटं कोंडलं तर तो पंजे चाटून चाटून लाल करतो. मळ्यात राखणीला किंवा फाटकाशी साखळीला बांधायला हा कुत्रा घेऊच नये. त्या कामाला आपलं गावठी कुत्रं शंभर पटीने बरं, आणि त्याला खान्देशचं ऊनही सोसतं.

या गोड स्वभावाचाच एक तोटा आहे. श्वास पुरत नसला तरी पग माणसामागे चालतच राहतो, त्यामुळे घरच्यांना त्रास उशिरा कळतो. चेहरा चपटा करताना कवटीचं हाड आखूड झालं, पण आतलं मांस तेवढंच राहिलं. टाळूचा मऊ पडदा लांब पडून श्वासनलिकेच्या तोंडावर येतो आणि नाकपुड्या अरुंद होतात. शहाळ्यातली स्ट्रॉ चिमटीत दाबून पाणी ओढून पाहा, म्हणजे काय होतं ते कळेल. इतक्या जोराने हवा ओढल्यामुळे घशातलं मांस सुजतं आणि वाट आणखी अरुंद होते.

कुत्र्याला घाम फक्त पंजांच्या गाद्यांवर येतो, तोही नावापुरता. अंग थंड करायचं ते धापा टाकून, जीभ आणि नाकातला ओलावा उडवून. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि कुत्र्याच्या अंगाचं तापमान ३९ च्या आसपास असतं. अशा वेळी बाहेरची उष्णता अंगात शिरत राहते आणि धापांशिवाय दुसरा उपाय उरत नाही. पगकडे नेमकी तीच यंत्रणा अधू.

मे महिन्यातल्या कोरड्या हवेत कूलर चांगला चालतो, खोली दहा-बारा अंशांनी उतरते. जूनमध्ये ढग आले की तोच कूलर खोलीत दमटपणा भरतो. मग जिभेवरचा ओलावा उडत नाही आणि पारा ३६ वर असतानाही पगचा जीव घाबरा होतो. त्या दिवसांत कूलरचं पाणी बंद करून नुसता पंखा लावावा, खिडक्या उघड्या ठेवाव्यात किंवा एसी लावावा. स्लॅबखालच्या वरच्या मजल्यावर पग ठेवू नये. खालच्या खोलीत, शहाबादी फरशीवर त्याची जागा करावी. वीज जाणारच हे धरून उथळ टबमध्ये दोन बोटं पाणी भरून ठेवावं. फिरायला न्यायचं ते सकाळी साडेसहाच्या आत आणि रात्री आठनंतर. डांबरी रस्त्यावर तळहाताची मागची बाजू सात सेकंद टेकवता आली नाही तर कुत्रं बाहेर काढू नये.

एवढं करूनही ऊन लागलंच तर जीभ गुलाबीची जांभळी होते, लाळ तारेसारखी चिकट होते, पाय लटपटतात, फेसाची उलटी होते. अशा वेळी गाडी शोधत बसू नये, आधी अंग थंड करावं. नळाचं साधं पाणी पोटावर, काखेत, मांड्यांत, सगळ्या अंगावर ओतावं आणि पंखा जोरात लावावा. ओला टॉवेल पाठीवर पांघरून ठेवण्याची चूक बरेच जण करतात. तो काही मिनिटांत गरम होतो आणि वाफ आतच कोंडतो. तोंडात बळेच पाणी घालू नये, ते फुप्फुसात जातं. गुदद्वारातलं तापमान ३९.५ वर आलं की पाणी थांबवावं आणि मग दवाखाना गाठावा. तासाभराने कुत्रं सावरलेलं दिसलं तरी डॉक्टरांना दाखवावंच, कारण मूत्रपिंडाचं नुकसान एक-दोन दिवसांनी उघडं पडतं. कधी कधी पग मान ताणून काही सेकंद घर्र घर्र आवाज करत श्वास आत ओढतो आणि लगेच पूर्ववत होतो. ती उलटी शिंक असते, तिला सहसा घाबरायचं कारण नाही.

पिल्लू निवडताना रंग आणि सुरकुत्या नंतर पाहाव्यात. समोरून नाकपुड्या पाहाव्यात: गोल, उघडं भोक असेल तर ठीक, स्वल्पविरामासारखी बारीक चीर असेल तर ते पिल्लू सोडून द्यावं. मग आईला पाहायला मागावं. तिला तीन मिनिटं जलद चालवून कान द्यावा. घरघर चार हातांवरून ऐकू आली तर पिल्लांकडून वेगळी अपेक्षा नको. आई दाखवायला नकार मिळाला की सरळ माघारी यावं. श्वानप्रजननाच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही आणि प्रजनन करणाऱ्याची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. पिल्लाचं डोकं मोठं असल्याने पगच्या मादीला पुष्कळदा सिझेरियन करावं लागतं. हौसेखातर घरी पिल्लं काढणाऱ्यांनी हा खर्च आणि मादीच्या जिवाची जोखीम आधीच धरावी.

वजनाकडे आपण फारच दुर्लक्ष करतो. पूर्ण वाढलेला पग सव्वासहा ते आठ किलोंचा असावा. आठ किलोंच्या पगला दिवसाला साडेचारशे-पाचशे कॅलरी पुरतात. ज्वारीची एक मध्यम भाकरी दोनशेच्या आसपास जाते, म्हणजे दोन भाकऱ्या आणि वाटीभर दुधात त्याचा दिवस भरला. पण भाकऱ्यांवरच त्याचं भागत नाही, त्यात अंडं किंवा उकडलेलं चिकनही बसवायचं असतं. मग चहाबरोबरची बिस्किटं कुठे मावणार? बरगड्या बोटांना लागल्या पाहिजेत. लागत नसतील तर छातीवरची तीच चरबी श्वास दाबते. भरीत, शेवभाजी त्याला चुकूनही घालू नये. भरितातली कांद्याची पात आणि लसूण कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात. द्राक्षं आणि मनुकाही वर्ज्य. केळ्याची एखादी चकती चालेल.

नाकावरची घडी रोज ओल्या कापसाने पुसून लगेच कोरडी करावी. ओल राहिली की तिथे बुरशी धरते आणि आंबूस वास येतो. डोळे उथळ खोबणीत असल्याने त्यांना चटकन ओरखडा जातो आणि गळ्याचा पट्टा ओढला तर डोळा बाहेरही येऊ शकतो. पगला छातीचा पट्टाच लावावा. डोळा मिटमिटला किंवा निळसर दिसला तर घरातलं कोणतंही मलम न घालता त्याच दिवशी दाखवावं.

आपल्या वृत्तपत्राला एक विनंती. पिल्लांच्या छोट्या जाहिराती छापताना जन्मतारीख आणि विक्रेत्याचा नोंदणी क्रमांक घेतल्याशिवाय त्या स्वीकारू नयेत, आणि ‘पंच फेस’ हा शब्द काढून टाकावा. ज्यांना पग हवाच आहे त्यांनी आखाजीऐवजी दिवाळीनंतर आणावा. थंडीचे चार महिने मिळाले तर लशी पूर्ण होतात, पिल्लू घराला रुळतं आणि पहिल्या उन्हाळ्याआधी त्याचा श्वास कसा चालतो हे घरच्यांच्या कानाला ओळखीचं होतं.

आपले,
जळगाव-भुसावळ परिसरातील काही पशुवैद्यक व श्वानपालक