एकच ट्रेन चालवायची होती तर फास्ट पास विकलेत कशाला?

प्रति,
ग्राहक सेवा विभाग आणि पार्क व्यवस्थापक

विषय: मोठ्या रोलरकोस्टरवर दिवसभर एकच ट्रेन, बोर्डावर खोटा वेटिंग टाइम आणि गेटवर पट्टा बांधलेल्या मुलीला स्टेशनवरून परत पाठवल्याबद्दल

नमस्कार,

माझ्या पहिल्या ईमेलला तुमचं जे दोन ओळींचं उत्तर आलं ते वाचून हे पत्र लिहितेय. त्यात म्हटलंय की गर्दी आणि सुरक्षा या कारणांमुळे गैरसोय झाली. हे मला अजिबात पटलेलं नाही. गर्दी होतीच, सुट्टीचे दिवस आहेत, पण आम्ही जे भोगलं ते गर्दीमुळे नाही, तुम्ही घेतलेल्या निर्णयांमुळे, आणि सुरक्षेचं नाव तर तुम्ही या प्रकरणात घ्यायलाच नको होतं. का ते नीट सांगते, थोडं लांबेल, पण प्लीज कोणीतरी माणसाने पूर्ण वाचा.

आधी हे सांगते की मला रोलरकोस्टर मनापासून आवडतात. ही अख्खी सुट्टीच आम्ही थीम पार्क बघायला काढली होती, मी, माझा भाऊ, थोरला मुलगा आणि धाकटी लेक, आणि तुमचं पार्क आम्ही मुद्दाम सगळ्यात शेवटी ठेवलं होतं कारण मुलांना तुमचा तो मोठा कोस्टर बघायचा होता. दोघांनी त्याचे व्हिडिओ इतक्यांदा पाहिले होते की कुठल्या वळणानंतर काय येतं ते त्यांना तोंडपाठ होतं.

आता रांगेबद्दल. बाहेरच्या बोर्डावर आणि अॅपवर दोन्हीकडे 45 मिनिटं असं दिसत होतं. आत शिरलो, जिना चढून पहिल्या वळणावर आलो तर तिथून दुरुस्तीच्या शेडचं दार उघडं दिसतं, आणि आत बाजूच्या रुळावर दोन ट्रेन उभ्या, एकीवर ताडपत्री टाकलेली, दुसरी चकचकीत पुसलेली, जवळ कोणी काम करतंय असंही काही नाही. म्हणजे तीन ट्रेनच्या राइडवर एकच ट्रेन चालू. मला वाटलं सकाळ आहे, गर्दी वाढली की दुसरी काढतील. संध्याकाळी आम्ही परत त्या रांगेत होतो तेव्हाही ती पुसलेली ट्रेन जागची हललेली नव्हती.

भावाने मोबाईलवर वेळ लावून बघितली, एक ट्रेन सुटल्यापासून पुढची सुटेपर्यंत साधारण पाच मिनिटं जात होती. एका ट्रेनमध्ये 24 सीट, म्हणजे तासाला 288 माणसं. दुसरी ट्रेन असती तर पहिली रुळावर फिरतेय तेवढ्यात स्टेशनात दुसरी भरून तयार झाली असती, जवळजवळ दुप्पट माणसं बसली असती. हे तुमच्या ऑपरेशनवाल्यांना मी सांगायची गरज नाही, ट्रेन एकाहून जास्त चालवता याव्यात म्हणूनच तर रुळाचे ब्लॉक पाडलेले असतात ना, एका ब्लॉकमध्ये एका वेळी एकच ट्रेन, पुढचा ब्लॉक रिकामा झाल्याशिवाय मागची ट्रेन सोडायची नाही. ती सगळी यंत्रणा तुमच्या राइडवर बसवलेली आहे, तिच्यावर खर्च केलेला आहे, आणि तुम्ही ती न वापरता लोकांना उन्हात उभं करताय.

आणि त्यावर फास्ट पास, म्हणजे वेगळ्या छोट्या रांगेतून लवकर आत जायचा पास. माझा खरा राग इथे आहे. जिथे दोन्ही रांगा एकत्र येतात तिथे उभा असलेला मुलगा प्रत्येक ट्रेनला फास्ट पासवाले सोळा सोडायचा आणि आमच्या रांगेतले आठ. मी त्याला दोष देत नाही, त्याला तसंच सांगितलं असणार. पण मग हिशोब करा, तासाला 288 मधले फक्त 96 साध्या रांगेतले, आणि आमच्या पुढे तीनशेच्या आसपास माणसं सहज होती. 45 मिनिटं हा आकडा कुठल्या हिशोबातून आला? 1999 मध्ये डिस्नेने फास्टपास सुरू केला तेव्हा तो फुकट होता, तिकीट घेतलेल्या प्रत्येकाला मिळायचा, कल्पना अशी की रांगेत ताटकळण्याऐवजी ठरलेल्या वेळेला परत या. तुमच्याकडे तो वेगळे पैसे देऊन विकतात, ठीक आहे, आता बऱ्याच ठिकाणी तसंच आहे. पण राइड एका ट्रेनवर चालवून रांग मुद्दाम लांबवायची आणि मग त्याच लांब रांगेपासून सुटका म्हणून पास विकायचा हे मला अत्यंत चुकीचं वाटतं. तुमचा हेतू तसा नसेलही, पण रांगेत उभ्या असलेल्या माणसाला हेच दिसतं. आमच्या मागे एक आजोबा नातवाला घेऊन उभे होते, ते अर्ध्यातून निघून गेले, पोरगं रडत रडत गेलं.

आता माझ्या लेकीबद्दल. सकाळी मेन गेटच्या आत तुमचं उंची मोजायचं काउंटर आहे. तिथे तुमच्या बाईंनी तिला बूट घालूनच पट्टीला उभं केलं, 130 सेंटीमीटरच्या वर आहे म्हणाल्या आणि मनगटावर हिरवा पट्टा बांधला. मी स्वतः विचारलं की या पट्ट्यावर मोठी राइड चालेल ना, तर म्हणाल्या हो, पुन्हा मोजणार नाहीत, पट्टा त्याचसाठी असतो. राइडच्या रांगेच्या तोंडाशीही एक उंचीची पाटी आहे, ती तर दगडी फरशीच्या उतारावर लावलेली आहे, मूल डाव्या बाजूला उभं राहिलं तर बसतं आणि उजव्या बाजूला राहिलं तर बसत नाही, मी तिथल्या माणसाला हे दाखवलं, त्याने हिरवा पट्टा बघून आम्हाला पुढे जा म्हटलं.

एवढं सगळं झाल्यावर वर स्टेशनात, ट्रेन समोर उभी, गेट उघडायच्या बेतात, तेव्हा ऑपरेटरने तिला बाजूला घेतलं. बूट काढायला लावले आणि हातातल्या पट्टीने मोजलं. बोटभर कमी. तो म्हणाला नाही बसवता येणार, खिशातली कात्री काढली आणि सगळ्यांसमोर तिचा हिरवा पट्टा कापला. ती बूट हातात धरून मोज्यांवर उभी होती, मागची माणसं बघतायत, आणि ती एक शब्द न बोलता नुसती माझ्याकडे बघत होती.

मी त्या ऑपरेटरशी भांडले नाही आणि त्याच्याविरुद्ध ही तक्रार नाही, हे कृपया त्याला कळवा. त्याने केलं ते बरोबरच. उंचीचा नियम कशासाठी आहे ते मला माहीत आहे, टेकडीवरून ट्रेन खाली वळते तेव्हा शरीर सीटवरून उचललं जातं आणि अशा वेळी माणसाला मांडीवरचा तो लॅप बारच धरून ठेवतो, मूल लहान असलं तर तो नीट बसत नाही. माझ्या लेकीला नियम मोडून बसवा असं मी कधीच म्हणणार नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की बूट काढून मोजायचं असेल तर गेटवर बूट काढून मोजा. सकाळीच नाही म्हटलं असतं तर ती दहा मिनिटं हिरमुसली असती आणि दुसऱ्या राइडकडे पळाली असती. तुम्ही तिला आधी हो म्हणालात, तासन् तास उभं केलंत आणि शेवटच्या पायरीवर नाही म्हणालात. यात सुरक्षा कुठे आली, उलट ज्या गेटवर चुकीचं मोजतात ते गेट असुरक्षित आहे, एखाद्या दिवशी वरचा माणूस घाईत असला तर काय होईल?

आणि तिला घेऊन मला उतारूंच्या जिन्याने खाली यावं लागलं, म्हणजे माझाही नंबर गेला. बऱ्याच पार्कमध्ये अशा वेळी पालकांनी आळीपाळीने बसायची सोय असते, एक जण मुलाजवळ थांबतो, दुसरा जाऊन येतो, मग पहिल्याला परत रांग न लावता सोडतात. ती तुमच्याकडेही आहे हे मला नंतर तुमच्याच वेबसाइटवर कळलं. स्टेशनवर कोणीही सांगितलं नाही, पाटीसुद्धा नाही.

संध्याकाळी भाऊ लेकीजवळ थांबला आणि मी थोरल्याबरोबर परत रांग लावली, कारण एवढं लांब येऊन ती राइड न करता जायची माझी तयारी नव्हती. आणि राइड? अप्रतिम. आम्हाला सगळ्यात मागची सीट मिळाली. चेन खडखडत वर नेते, खालच्या माणसांचे आवाज हळूहळू विरत जातात, मग पुढचे डबे कड्यावरून खाली जातात आणि मागच्या डब्याला ते अक्षरशः ओढून घेतात, तिथे पोटात असा गोळा येतो की ओरडायलाही श्वास उरत नाही. त्याच्यानंतर ट्रेनला ना इंजिन ना काही, पहिल्या चढावर मिळालेल्या उंचीवरच ती शेवटपर्यंत धावते, आणि तिसऱ्या टेकडीवर आम्ही दोघं सीटवरून इतके वर उचललो गेलो की थोरला नंतर स्टेशनात येईपर्यंत नुसता हसत होता. त्याला मी रांगेत असताना चाकं दाखवली होती, रुळाच्या वर एक, बाजूला एक आणि रुळाच्या खाली एक, ती खालची चाकं 1919 मध्ये जॉन मिलर या अमेरिकन कोस्टर डिझायनरने पेटंट केली आणि तेव्हापासून ट्रेन रुळावरून उचलली जायची भीती न बाळगता असे चढउतार बांधता यायला लागले. त्याच्या आधीच्या, 1884 मध्ये न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर थॉम्पसन नावाच्या माणसाने बांधलेल्या राइडचा वेग तर ताशी जेमतेम 10 किलोमीटर होता! इतक्या लोकांनी इतकी वर्षं डोकं लावून ही गोष्ट इथपर्यंत आणली आहे आणि तुमच्याकडे तिचा इतका सुंदर नमुना आहे, तो असा एका ट्रेनवर रडत रखडत चालवलेला बघून खरंच जीव तुटतो.

एक मात्र, त्या ट्रेनला मागे डाव्या बाजूला सतत थरथर होती, वळणात दात वाजतील इतकी. चाक एका बाजूने झिजलेलं असावं, एकच ट्रेन दिवसभर पळवली की तिच्याच चाकांवर सगळा भार येणार. ते तपासून घ्या.

दुपारी तुमचा तो लाँचवाला कोस्टर, म्हणजे चेनने वर न नेता ट्रेन एकदम जोरात पुढे सोडणारा, मध्येच बंद पडला, तासभर सुरूच झाला नाही, आणि शेवटी आम्हाला रांगेतून परत पाठवलं. त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. कॉम्प्युटरने थांब म्हटलं तर थांबायलाच हवं. 2015 मध्ये इंग्लंडमधल्या अल्टन टॉवर्स पार्कच्या स्मायलर नावाच्या कोस्टरवर ब्लॉक सिस्टीमने ट्रेन थांबवली होती, ती माणसांनी हाताने पुढे सोडली आणि ती रुळावर अडकलेल्या रिकाम्या ट्रेनवर जाऊन आदळली, दोन तरुण मुलींना पाय गमवावा लागला. ते वाचल्यापासून राइड थांबली की मी कुरकुर करत नाही. तिथली तुमची मुलगी दर थोड्या वेळाने माइकवर येऊन काय चाललंय ते सांगत होती, लोक शांत होते. माणसांना खरं सांगितलं की ती थांबतात, हे तुमच्याच स्टाफला येतं, मग तुमच्या बोर्डाला का येत नाही?

याच सुट्टीत आम्ही तुमच्या निम्म्याहूनही लहान एका पार्कात गेलो होतो. तिथे जुना लाकडी कोस्टर, अंग खिळखिळं करणारा, दोन ट्रेनचा. दोन्ही चालू. स्टेशनातली चार माणसं एका मागोमाग एक लॅप बार हाताने ओढून बघतात, अंगठा वर करतात, ट्रेन सुटते, तोवर पुढचे लोक आपापल्या ओळीत उभे. बोर्डावर अर्धा तास होता, त्याच्या आतच बसलो. लेक तिथे तिच्या उंचीत बसत होती, आणि पहिल्या उतारावर तिने माझा दंड असा आवळला होता की वळ उठला, तरी उतरल्या उतरल्या परत चल म्हणून मागे लागली. त्या पार्ककडे तुमच्या दहाव्या हिश्श्याचाही पैसा नसेल.

मला काय हवंय ते आता स्पष्ट लिहिते. लेकीचं पूर्ण तिकीट परत हवं, कारण ती राइड तिला मिळेल असं तुमच्याच माणसाने सांगून तिला आत घेतलं होतं. माझ्या भावाने दुपारी वैतागून दोन फास्ट पास घेतले ते लाँचच्या राइडवर वापरताच आले नाहीत, त्याचे पैसे तुमच्या नियमांप्रमाणेच परत मिळायला हवेत, पावत्या सोबत जोडल्या आहेत. उंची गेटवर बूट काढून, सपाट जमिनीवर मोजा, आणि ती उताराची पाटी या आठवड्यातच हलवा, त्याला कोणाच्या परवानगीची गरज नसावी. आळीपाळीने बसायच्या सोयीची पाटी प्रत्येक रांगेच्या तोंडाशी लावा. आणि ज्या दिवशी एकच ट्रेन चालवणार असाल त्या दिवशी अॅपवर तसं स्वच्छ लिहा आणि त्या राइडचे फास्ट पास त्या दिवशी विकू नका.

ती पुसलेली ट्रेन दिवसभर शेडमध्ये का उभी होती याचं खरं कारण मला लेखी हवं. दुरुस्तीला असेल तर तसं सांगा, मी मान्य करीन. माणसं कमी होती म्हणून काढली नसेल तर तेही सांगा. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा पुन्हा गर्दी आणि सुरक्षा हे दोन शब्दच आले, तर मी हेच पत्र फोटोंसह ग्राहक मंचाकडे देणार आहे. कापलेल्या हिरव्या पट्ट्याचा आणि शेडमधल्या दोन्ही ट्रेनचा फोटो जोडला आहे.

कळावे,
तुमच्या पार्कात दिवस घालवलेली एक ग्राहक
(बुकिंगची माहिती आणि पावत्या ईमेलसोबत)