तारणाचा प्रश्न आधी आमचा होता

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीत यहुदी समाजावर आलेल्या लेखात एक वाक्य होते: ख्रिस्ती धर्माच्या मते देवाने यहुद्यांना टाकून दिले आणि त्यांच्या जागी ख्रिस्ती मंडळीला, म्हणजे चर्चला, घेतले. पुढच्या आठवड्यात एका वाचकाने त्यावर लिहिले की हे सगळे आता जुने झाले, हल्ली चर्च सगळेच मार्ग सारखे मानते. मी ठाण्यात राहणारा प्रॉटेस्टंट ख्रिस्ती आहे आणि आमच्या मंडळीत मुलांचा संडे स्कूल घेतो. ही दोन्ही विधाने मला खटकली. पहिल्या समजुतीपायी शेकडो वर्षे माणसे मेली आहेत, त्यामुळे या विषयावर मोघम लिहून भागणार नाही असे मला वाटते.

बायबलमधला नवा करार उघडला की सुरुवातीला प्रश्न अगदी उलटा दिसतो. येशू यहुदी, मरिया यहुदी, बाराही शिष्य यहुदी. परराष्ट्रीयांत येशूचा संदेश नेणारा प्रेषित पौलही यहुदीच: बन्यामीन वंशातला, नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या परूशी पंथाचा. यहुद्यांचे तारण, म्हणजे देवाकडून उद्धार, होईल का, असे त्या काळी कोणी विचारतच नव्हते. वाद होता तो परराष्ट्रीयांचा, म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्या बाकीच्या जगाचा: इस्राएलच्या देवाच्या घरात यांना घ्यायचे का, आणि घ्यायचे तर कोणत्या अटीवर?

यरुशलेमच्या मंदिरात परराष्ट्रीय माणसाला बाहेरच्या अंगणापर्यंतच येता येत असे. त्यापुढे एक कठडा होता आणि त्यावर ग्रीक भाषेत कोरलेले दगड बसवलेले होते. त्यांतला एक अखंड दगड १८७१ मध्ये सापडला, तो आज इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. १९३५ मध्ये दुसऱ्या दगडाचा तुकडा मिळाला, त्याच्या अक्षरांत लाल रंगाचे अंश शिल्लक होते. मजकूर थोडका आहे: कोणाही परक्याने या कठड्याच्या आत येऊ नये, जो सापडेल त्याच्या मरणाला तोच जबाबदार राहील. पौलाने इफिसच्या त्रफिम नावाच्या परराष्ट्रीयाला या हद्दीच्या आत आणले, असा आळ घेऊन जमावाने पौलाला मंदिराबाहेर ओढले, हे नव्या करारातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या २१ व्या अध्यायात आहे. नव्या करारातल्याच इफिसकरांस पत्रात ख्रिस्ताने 'मधली आडभिंत पाडली' असे म्हटले आहे. हा दगड डोळ्यांसमोर ठेवून ते वचन वाचले तर ती भिंत केवढी होती हे उमगते.

भिंत सहजासहजी पडलेली नाही. यापो गावात येशूचा शिष्य पेत्र भर दुपारी घराच्या गच्चीवर प्रार्थनेला गेला, तिथे त्याला भूक लागली आणि देवाने शुद्ध केलेले अशुद्ध मानू नकोस असा दृष्टान्त झाला. त्यानंतर तो कैसरियाच्या कर्नेल्य नावाच्या रोमी शताधिपतीच्या घरात पाऊल टाकायला तयार झाला. तिथे परराष्ट्रीयांवरही पवित्र आत्मा उतरलेला पाहून पेत्राबरोबरचे यहुदी विश्वासणारे थक्क झाले. पुढे अंत्युखियात हाच पेत्र परराष्ट्रीयांच्या पंक्तीतून मागे सरला, तेव्हा पौलाने त्याला सर्वांसमोर सुनावले. शेवटी साधारण इ.स. ४९ च्या सुमारास यरुशलेमात बैठक झाली. परराष्ट्रीयांवर सुंतेची आणि मोशेच्या नियमशास्त्राची सक्ती करू नये, मूर्तीच्या नैवेद्यापासून आणि अशा मोजक्या गोष्टींपासून त्यांनी दूर राहावे, एवढे ठरले. आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांची जागा त्या बैठकीत ठरली. निर्णय घेणारे सगळे यहुदी होते.

मग पारडे फिरले. मंडळीत परराष्ट्रीयांची संख्या वाढली. सम्राट क्लौद्याने यहुद्यांना रोममधून घालवले होते. ते परतले तेव्हा तिथल्या मंडळीत परराष्ट्रीयांचाच वरचष्मा झालेला होता, असे बरेच अभ्यासक मानतात. अशा मंडळीला पौलाने रोमकरांस पत्र लिहिले. त्यातले ९ ते ११ हे अध्याय आपल्या लेखकाने वाचलेले नसावेत. पौल आधी आपले दुःख सांगतो: माझ्या भाऊबंदांसाठी मी स्वतः शापित व्हायलाही तयार आहे. मग तो सरळ विचारतो, देवाने आपल्या लोकांचा त्याग केला आहे काय? आणि लगेच उत्तर देतो: कधीच नाही.

पुढे जैतुनाच्या झाडाचा दाखला येतो. आपल्या कोकणात रायवळीच्या रोपावर हापूसची काडी बांधतात; मूळ रानटी, फांदी जातीची. पौलाचे कलम याच्या उलट आहे. मूळ जातिवंत आहे आणि त्यावर बांधलेली फांदी रानटी आहे. ही रानटी फांदी म्हणजे आपण परराष्ट्रीय. तू मुळाला धरून ठेवलेले नाहीस, मुळाने तुला धरून ठेवले आहे, म्हणून तोडलेल्या फांद्यांपुढे बढाई मारू नकोस, असे तो बजावतो. मूळच्या फांद्यांची गय झाली नाही तर तुझीही होणार नाही, हेही सांगतो. पुढे सर्व इस्राएल तारले जाईल असे लिहितो, देवाची कृपादाने आणि त्याचे पाचारण परत घेतले जात नाही असे लिहितो. हे नेमके कसे घडेल याचा हिशेब मात्र तो मांडत नाही. देवाचे मार्ग किती अगम्य आहेत, अशा स्तुतीने तो ११ वा अध्याय संपवतो.

ही ताकीद मंडळीने पाळली नाही. चौथ्या शतकात प्रसिद्ध धर्मोपदेशक योहान क्रिसोस्तोम यांनी अंत्युखियात, पौलाने पेत्राला सुनावले त्याच शहरात, यहुद्यांविरुद्ध जहरी प्रवचने दिली. १४४२ मध्ये फ्लॉरेन्सच्या परिषदेने कॅथलिक चर्चबाहेरचे सगळे, त्यांत यहुदीही आले, सार्वकालिक अग्नीत जातील असे जाहीर केले. आम्हा प्रॉटेस्टंटांनाही हात झटकता येणार नाहीत. प्रॉटेस्टंट पंथाची सुरुवात करणारे मार्टिन लूथर यांनी १५४३ मध्ये सिनेगॉग (यहुद्यांची प्रार्थनास्थळे) जाळा, घरे पाडा, प्रार्थनेची पुस्तके हिसकावून घ्या असा सल्ला छापून दिला. अमेरिकेतल्या मोठ्या लुथरन चर्चने त्या लिखाणाचा उघड धिक्कार केला तो १९९४ मध्ये.

याची झळ आपल्या शेजारीही लागली होती. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, आले. सक्तीने ख्रिस्ती झालेले आणि आतून यहुदी राहिल्याचा संशय असलेले पोर्तुगीज त्याच्या पहिल्या बळींमध्ये होते. भारतातल्या औषधी वनस्पतींवर १५६३ मध्ये गोव्यात ग्रंथ छापणारे वैद्य गार्सिया दा ओर्ता १५६८ मध्ये वारले. पुढच्याच वर्षी त्यांची बहीण कातारिना हिला यहुदी असल्याच्या आरोपावरून जिवंत जाळले. १५८० मध्ये खुद्द गार्सिया यांचे अवशेष कबरीतून उकरून काढून जाळण्यात आले. पणजीच्या बागेला आज त्यांचे नाव आहे. ज्यांच्या नावाने तारण सांगायचे त्या येशूच्याच जातभाईंना तारणाच्या नावाखाली जाळले गेले, हे प्रत्येक ख्रिस्ती घरात माहीत असायला हवे.

कॅथलिक चर्चची भूमिका बदलली ती विसाव्या शतकात, युरोपातल्या यहुद्यांच्या संहारानंतर. फ्रेंच यहुदी इतिहासकार ज्यूल इझाक यांची पत्नी आणि मुलगी आउशवित्झच्या नाझी छळछावणीत मारली गेली होती. १९६० च्या जूनमध्ये ते पोप तेविसावे जॉन यांना भेटले आणि चर्चच्या शिकवणीतला यहुद्यांविषयीचा तिरस्कार दूर करा अशी विनंती त्यांनी केली. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २,२२१ विरुद्ध ८८ मतांनी जाहीरनामा संमत केला. येशूच्या मृत्यूचा दोष त्या वेळच्या सरसकट सर्व यहुद्यांवर किंवा आजच्या यहुद्यांवर ठेवता येत नाही, त्यांना देवाने टाकलेले किंवा शापित म्हणू नये, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. लेखातले विधान कॅथलिक चर्चने तेव्हाच नाकारले आहे.

आता दुसऱ्या वाचकाच्या म्हणण्याविषयी. सगळे मार्ग सारखे, असे चर्चने म्हटलेले नाही. २०१५ मध्ये व्हॅटिकनच्या यहुद्यांशी संबंध पाहणाऱ्या आयोगाने एक निवेदन काढले. त्याचे शीर्षकच रोमकरांस पत्राच्या ११ व्या अध्यायातले आहे. त्यात म्हटले आहे की तारणाचे दोन समांतर मार्ग नाहीत, ख्रिस्त सर्वांसाठी आहे. त्याच वेळी देवाच्या तारणात यहुद्यांचा वाटा आहे हे निःसंशय आहे. ख्रिस्ताचा उघड स्वीकार न करता हे कसे शक्य होते, ते देवाचे अथांग गूढ आहे. यहुद्यांसाठी वेगळी मिशन संस्था कॅथलिक चर्च चालवत नाही आणि अशा कामाला पाठिंबाही देत नाही, हेही त्यात आहे.

धर्मप्रसारावर भर देणाऱ्या इव्हँजेलिकल प्रॉटेस्टंट मंडळी याच्याशी सहमत नाहीत. १९८९ च्या विलोबँक जाहीरनाम्यात त्यांनी यहुदीद्वेषाचा निषेध केला, पण यहुद्यांना सुवार्तेची, म्हणजे येशूच्या संदेशाची, गरज नाही हे म्हणणे अमान्य केले. सुवार्ता आधी यहुद्यांना, असे पौलच म्हणतो, मग त्यांनाच ती सांगायची नाही हे कसे, असा त्यांचा सवाल आहे आणि तो रास्त आहे. काही प्रॉटेस्टंट विद्वान दुसऱ्या टोकाला जाऊन म्हणतात की देवाने मोशेच्या काळी केलेला सीनायचा करार यहुद्यांना पुरेसा आहे आणि ख्रिस्त परराष्ट्रीयांसाठी. मला हे पटत नाही. मग पौलाला एवढे दुःख कशाचे होते?

माझा स्वतःचा विश्वास सांगतो. येशू हाच सर्वांचा तारणारा आहे, आणि कोणी विचारले तर मी हे संकोच न करता सांगतो. पण अमुक यहुदी तारला जाईल की नाही हे ठरवायचा अधिकार कलम केलेल्या फांदीला नाही. पौलाने जिथे हात जोडले तिथे मी निकाल कसा देऊ? शिवाय यहुदी परंपरा आम्हाला नरकात घालत नाही. इतर राष्ट्रांतल्या नीतिमान माणसांना येणाऱ्या जगात वाटा आहे, असे त्यांचे रब्बी, म्हणजे धर्मगुरू, प्राचीन काळापासून शिकवत आले आहेत.

ठाण्यात राहणाऱ्याला हा पुस्तकी विषय वाटत नाही. बेने इस्राएल, म्हणजे मराठी यहुदी, लोकांचे शआर हशामाईम सिनेगॉग याच शहरात आहे. कोकणात शतकानुशतके शनिवारी, यहुद्यांच्या विसाव्याच्या दिवशी, घाणा बंद ठेवणाऱ्या या मराठी लोकांना गावाने शनिवार तेली म्हटले. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण छापले, मिशनच्या शाळांत बेने इस्राएल मुले शिकली. ख्रिस्ती मात्र फार थोडे झाले. जुना करार मराठीत वाचून ते आपल्याच धर्मात अधिक पक्के झाले. मला यात मिशनचे अपयश दिसत नाही. इस्राएल देशाच्या सरकारने काय करावे, गाझात काय चालले आहे, यावर माझी मते आहेत, पण त्यांचा राग कोकणातल्या किंवा ठाण्यातल्या यहुदी कुटुंबावर काढणे किंवा त्याला बायबलचा आधार देणे अन्याय्य आहे.

शेवटी दोन विनंत्या. पहिली माझ्या समाजातल्या पाळकांना आणि संडे स्कूलच्या शिक्षकांना. उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) मत्तय २७ मधले जमावाच्या तोंडचे 'त्याचे रक्त आमच्यावर' हे वाक्य वाचाल तेव्हा लूक २३ मधली येशूची क्षमेची प्रार्थनाही वाचा, आणि मुलांना रोमकरांस पत्राचा ११ वा अध्याय शिकवा. 'यहुद्यांनी प्रभूला मारले' असे मुले सहज बोलून जातात, कारण मोठ्यांकडून त्यांनी तेच ऐकलेले असते.

दुसरी आपल्याला. उत्तम शुक्रवारनिमित्त वृत्तपत्रांतून लेख येतात आणि त्यांत हेच वाक्य अनेकदा डोकावते. वधस्तंभ ही रोमी शिक्षा होती. ती पंतय पिलात या रोमी सुभेदाराच्या हुकमाने झाली आणि रोमी शिपायांनी अमलात आणली. काही यहुदी पुढाऱ्यांचा त्यात हात होता असे शुभवर्तमाने सांगतात, तेवढेच लिहावे. पुढच्या वर्षीचा लेख छापण्याआधी हे एकदा तपासून घ्यावे.

आपला,
एक वाचक, ठाणे