आनाचे न रडणे

प्रिय श्रीधर,

सप्रेम नमस्कार.

स्पॅनिश दिग्दर्शक कार्लोस साउरा यांचा ‘क्रीआ कुएर्वोस’ हा चित्रपट पाहून तू लिहिलेस की त्यातली छोटी आना तुला दगडाच्या काळजाची वाटली. बाप मरून पडलेला असताना जी पोर पेला विसळत बसते, तिच्याविषयी माया कशी वाटावी? मला मात्र तो पेलाच या चित्रपटाची किल्ली वाटतो.

आईने जालीम विष म्हणून टाकून द्यायला सांगितलेली पांढरी पूड आनाने जपून ठेवली आहे, आणि आईला दुःखात लोटणाऱ्या लष्करी अधिकारी बापाला आपणच ती देऊन संपवले, अशी तिची ठाम समजूत आहे. म्हणून पेला धुऊन ती तो इतर पेल्यांत मिसळून ठेवते. खेळतानाही ती बहिणींना मरण्याचा हुकूम सोडते आणि मग प्रार्थना करून त्यांना उठवते. मरण आपल्या शब्दात आहे असे जिला वाटते, ती बापासाठी कशी रडेल? त्याच्या कलेवराचे चुंबन घ्यायला सांगतात, तेव्हा ती सरळ नकार देते.

आईची गोष्ट याच्या अगदी उलट. आई आधीच गेलेली आहे, हे आपल्याला नंतर उमगते, कारण बाप मरतो त्याच रात्री ती स्वयंपाकघरात येऊन आनाशी लाडाने बोलते. जी अजून येते-जाते तिचा शोक करायचा कसा? एका मरणाचा दोष स्वतःकडे आणि दुसरे मरण मान्यच नाही, अशा कोंडीत डोळे कोरडे राहतात. त्याला तू निष्ठुरपणा म्हणावेस हे मला पटत नाही. रात्री दचकून उठलेल्या आनाला पाउलीना मावशी आईचीच गोष्ट सांगू लागते, तेव्हा ती तिच्यावर कशी उसळते ते आठव. बधिर माणूस असा उसळत नाही.

जेराल्डिन चॅप्लिन यांना आई आणि मोठी झालेली आना अशा दोन्ही भूमिका देण्याची साउरा यांची कल्पना मला फार धाडसाची वाटते. 1995 सालातून बोलणारी ती आना आईच्याच चेहऱ्याने, पण सपाट स्वरात बोलते, आणि बापाला मारावेसे का वाटले याचे समाधानकारक उत्तर तिच्यापाशी वीस वर्षांनंतरही नाही. जेनेटच्या आवाजातले ‘पोर्के ते वास’ हे गाणे छोटी आना पुन्हा पुन्हा लावते. जे तिला बोलता येत नाही ते सगळे त्या उडत्या चालीच्या विरहगीतात आहे.

चित्रीकरण 1975 च्या उन्हाळ्यात झाले आणि त्याच नोव्हेंबरात स्पेनचा हुकूमशहा फ्रँको वारला, म्हणून अनेक जण ती वाचा गेलेली आजी आणि तो लष्करी बाप यांत सारा स्पेन पाहतात. ते वाचन चुकीचे नाही, पण त्याच्या भरात आना केवळ प्रतीक होऊन बसते, आणि ते मला खटकते. 1976 मध्ये चित्रपटाला कान महोत्सवात विशेष ज्युरी पारितोषिक मिळाले, त्यात छोट्या आनाची भूमिका करणाऱ्या आना तोरेंतच्या त्या टक लावलेल्या नजरेचा वाटा मोठा असणार, असे मी धरून चालतो.

पाउलीनाविषयी मात्र तू काहीच लिहिले नाहीस. मला ती खाष्ट वाटली तरी दुष्ट वाटली नाही. तीन पोरक्या मुली पदरात पडलेल्या त्या बाईची बाजू तू कशी मांडशील, ते पुढच्या पत्रात सविस्तर लिही. वहिनींना नमस्कार.

तुझा,
मुकुंद