मेडिकेड असलेल्या सभासदांसाठी: पत्ता आणि पगाराच्या पावत्या

नमस्कार मंडळी,

ज्यांच्या घरी कुणी मेडिकेडवर (अमेरिकेतला कमी उत्पन्नवाल्यांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) आहे त्यांनी हे जरूर वाचा. जुलै २०२५ च्या केंद्रीय कायद्यानुसार, विस्तारित मेडिकेडमधल्या (काही राज्यांनी कमी उत्पन्नाच्या आणखी प्रौढांना खुलं केलेलं मेडिकेड) १९ ते ६४ वयाच्या प्रौढांना महिन्याला ८० तास काम, शिक्षण किंवा समाजसेवा दाखवावी लागेल. राज्यांना हे १ जानेवारी २०२७ पर्यंत लागू करायचंय, काही राज्यं आधीही करतील. तेरा वर्षांपर्यंतच्या मुलांचे पालक, गरोदर महिला आणि गंभीर आजारी यांना सूट आहे. विस्तारित मेडिकेडमधल्या प्रौढांची पात्रता आता वर्षाऐवजी दर सहा महिन्यांनी तपासली जाईल.

माझी खरी काळजी वेगळी आहे. गेल्या वेळी माझ्या शेजारच्या काकूंचं नूतनीकरणाचं पाकीट जुन्या घरी गेलं. उत्पन्न तेवढंच, तरी कव्हरेज बंद झालं. औषधाच्या दुकानातच त्यांना ते कळलं. म्हणून पत्ता बदलला असेल तर आजच राज्याच्या पोर्टलवर कळवा, आणि पगाराच्या पावत्या जपून ठेवा.

ग्रीनकार्डधारकांना (अमेरिकेत कायम राहण्याचा परवाना असलेल्यांना) मेडिकेडसाठी बहुधा पाच वर्षं थांबावं लागतं, पण मुलं आणि गरोदर महिलांसाठी बऱ्याच राज्यांनी ही अट काढली आहे. न विचारता "आपल्याला मिळणार नाही" असं ठरवू नका. फॉर्म भरताना अडलात तर मला फोन करा, सोबत बसून भरू.