‘मॅडम, मशीन कधी लावणार?’

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

हा प्रश्न मला आठवड्यातून चार-पाचदा तरी ऐकावा लागतो. कंबर धरून आलेला माणूस अर्धा तास माझ्याशी बोलतो, वाकून दाखवतो, दोन व्यायाम शिकतो आणि निघताना जरा नाराजीनेच विचारतो, ‘म्हणजे आज मशीन नाहीच?’ मला त्यांचा राग येत नाही. ही सवय आम्हीच लावली आहे.

मी तेवीस वर्षं फिजिओथेरपिस्ट आहे. त्यातली पहिली अकरा-बारा वर्षं मीही तेच केलं. कंबर असो, मान असो, गुडघा असो: शेक, आयएफटी (दुखऱ्या भागातून सोडलेला सौम्य वीजप्रवाह), अल्ट्रासाउंड (सोनोग्राफी नव्हे, ध्वनिलहरींचा उपचार), जमलं तर ट्रॅक्शन (ताण देऊन ओढणं), असा दहा दिवसांचा कोर्स. बरेच पेशंट बरे व्हायचे, म्हणून मलाही शंका आली नाही. मग कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली एक मुलगी माझ्या हाताखाली कामाला आली. मी जेल लावून अल्ट्रासाउंडचा प्रोब, म्हणजे मशीनचं हातात धरायचं टोक, फिरवत होते. पेशंट गेल्यावर तिने विचारलं, ‘हे आपण का देतो?’ मी म्हटलं, ‘फरक पडतो म्हणून.’ ती अगदी साधेपणाने म्हणाली, ‘आपण मोजलंय का?’

मोजलं नव्हतं. कंबरदुखीचा ताजा झटका बहुतेकदा काही आठवड्यांत आपला आपणच ओसरतो. त्या काळात जे काही लावाल त्याला श्रेय मिळतं. खरं श्रेय कुणाचं हे कळायला चिठ्ठ्या टाकून माणसं दोन गटांत वाटावी लागतात, आणि एका गटावर प्रोब फिरवायचा पण मशीन बंद ठेवायचं. वेगवेगळ्या दुखण्यांवरच्या अल्ट्रासाउंडच्या अशा ३५ चाचण्या २००१ साली एकत्र तपासल्या गेल्या. पद्धत नीट असलेल्या निघाल्या दहा. त्यांतल्या आठांमध्ये चालू मशीन बंद मशीनपेक्षा सरस ठरलं नाही. पुढे २०१६ मध्ये उपचारांबद्दल मार्गदर्शक सूचना देणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने कंबरदुखी आणि सायटिकासाठी (कमरेतून पायात उतरणारी कळ) अल्ट्रासाउंड, टेन्स (हाही विजेचाच उपचार), आयएफटी, ट्रॅक्शन आणि कमरेचे पट्टे देऊ नका, असं स्पष्ट लिहिलं. त्याऐवजी काय? दुखण्याची नीट माहिती, हिंडतं-फिरतं राहणं, व्यायाम. २००१चा तो लेख मी वाचला तेव्हा तो छापून कित्येक वर्षं झाली होती. तोवर किती जणांना दहा-दहा दिवस हेलपाटे घालायला लावले, याचं मला आजही वाईट वाटतं.

सगळीच मशीन निकामी आहेत असं मी म्हणत नाही. गुडघ्याच्या लिगामेंटच्या ऑपरेशननंतर मांडीचा स्नायू जागा करायला विजेच्या उत्तेजनाचा चांगला उपयोग होतो, आणि तिथे मी ते हमखास वापरते.

पण कागदावरचं संशोधन पेशंटपर्यंत नेणं हे वाचण्याहून अवघड काम आहे, आणि त्याबद्दल मला मुख्यतः लिहायचं आहे. गेल्या वर्षी एक बाई आल्या, वय ७२. दोनदा पडल्या होत्या, आता भिंत सोडत नव्हत्या. वयस्कर माणसांचं पडणं कमी करण्यासाठी न्यूझीलंडमध्ये तयार झालेला ‘ओटागो’ हा व्यायामक्रम आहे. त्याने पडण्याचं प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांनी घटलं. त्यात घोट्याला वजनं बांधून पाय ताकदवान करायचे, तोल सांभाळायचा, आठवड्यातून तीनदा, सुमारे अर्धा तास, शिवाय चालणं. आता या बाईंना वजनाचं नाव काढताच धडकी भरायची. आम्ही आधी खुर्ची घेतली. छातीवर हातांची घडी, तीस सेकंदांत किती वेळा उठता येतं ते मोजायचं. चारदा उठल्या. पाचव्यांदा घडी आपोआप सुटली आणि तळवे मांडीवर टेकले. त्या वयाच्या बायकांत दहाच्या आत आकडा असला तर पडण्याचा धोका जास्त धरतात. मी तो आकडा त्यांना सांगितला, वहीत लिहून दिला. पहिले दोन आठवडे वजनाशिवाय, टेबलाची कड धरून. मग अर्धा किलो. पण आठवड्याचे तीन दिवस मी सोडू दिले नाहीत. इथेच आमची गल्लत होते. व्यायाम संशोधनातला घेतो आणि मात्रा मनाची. औषधाची पाव गोळी देऊन गुण येत नाही म्हणावं, तसा हा प्रकार. तीन महिन्यांनी त्या अकरा वेळा उठल्या. मला विचारायच्या आधी त्यांनीच मोठ्याने मोजलं होतं.

कधीकधी संशोधन आमच्या उत्साहालाच लगाम घालतं. पक्षाघात झाला की जितक्या लवकर आणि जितकं जास्त उठवावं तितकं बरं, अशी माझी ठाम समजूत होती. २०१५ मध्ये ‘अॅव्हर्ट’ या चाचणीचे निष्कर्ष आले. पाच देश, २,१०४ पेशंट. पहिल्या चोवीस तासांतच सुरुवात करून जास्त वेळ आणि वारंवार उठवलेल्यांपैकी ४६ टक्के तीन महिन्यांनी चांगल्या स्थितीत होते, नेहमीची काळजी घेतलेल्यांपैकी ५० टक्के. आता पहिल्या दिवसात मी हात आखडता घेते. थोडा-थोडा वेळ उठवते, आणि नातेवाईक घाई करू लागले की त्यांना हाच आकडा सांगते.

हे सगळं वाचायला वेळ कुठून आणायचा? ‘पेड्रो’ हा फिजिओथेरपीच्या चाचण्यांचा संग्रह १९९९ पासून इंटरनेटवर मोफत खुला आहे. त्यात प्रत्येक चाचणीला दहापैकी गुणही दिलेले असतात. अडतं ते वेळेपाशी. अमेरिकेतल्या फिजिओथेरपिस्टना २००३च्या एका पाहणीत सर्वांत मोठी अडचण विचारली, तेव्हा त्यांनीही वेळच सांगितला. दिवसाला किती पेशंट ‘काढले’ यावरच कामाचं मोजमाप होणार असेल तर मशीन लावून पुढच्याकडे वळणं सोपं जातं. माझी रुग्णालय चालवणाऱ्यांना कळकळीची विनंती आहे: वाचनाचा आठवड्याला एक तास ड्यूटीत धरा. सुट्टीतला नको, ड्यूटीतला. आणि पेशंटला किती जमतं याची सुरुवातीची व शेवटची मोजणी केस पेपरवर सक्तीची करा.

वाचकांकडेही एक मागणं आहे. पुढच्या वेळी मशीनबद्दल जरूर विचारा, पण सोबत हेही विचारा: ‘मला फरक पडतोय हे आपण कशावरून ठरवणार?’ माझ्याकडे आलात तर उत्तरादाखल मी आधी खुर्ची पुढे ओढीन.

आपली नम्र,
एक फिजिओथेरपिस्ट