वाचाघाताच्या रुग्णांसाठी संगीतोपचारक घडवा

मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी नौपाड्यात पेटी शिकवते. दोन वर्षांपूर्वी बाबांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. डॉक्टर म्हणाले, वाचाघात, म्हणजे मेंदूला इजा होऊन भाषाच अडते. आपलं बोलणं त्यांना समजायचं, पण पाणी हवं असलं की 'ते... ते...' करून अडायचे आणि चिडून चादर ओढायचे. त्याच बाबांनी गणपतीत शेजारची आरती ऐकून पहिलं कडवं अख्खं म्हटलं. आई रडली. मला वाटलं, आता बोलतील. नाही बोलले.

पाठ असलेलं गाणं ओठांवर येणं वेगळं, पाणी मागणं वेगळं, हे मला उशिरा कळलं. १९७३ साली बोस्टनच्या तज्ज्ञांनी वाचाघातासाठी मांडलेली, सुरांतून बोलण्याकडे नेणारी पद्धत नुसत्या पाठ गाण्याच्या पुढची आहे. रोजच्या गरजेचं छोटं वाक्य दोन सुरांत बांधायचं. रुग्णाच्या डाव्या हाताने अक्षरागणिक थाप द्यायची. आधी गुणगुणायचं, मग बरोबरीने म्हणायचं, मग उपचारकाने हळूच मागे व्हायचं, शेवटी सूर सोडून साधं बोलायचं. सगळ्यांनाच हे लागू पडत नाही. समजतं पण बोलता येत नाही, अशांसाठी ते मुख्यत्वे आहे.

ते दोन सूर बहुधा सा आणि कोमल ग. पेटीवर वाजवून पाहिले. पण इंग्रजीत जोर दिलेलं अक्षर वरच्या सुरात जातं. आपल्या 'चहा दे'मध्ये वर काय न्यायचं? सूर जाणणारा आणि वाचाघात जाणणारा एकत्र बसल्याशिवाय हे सुटणार नाही.

आम्हाला आठवड्यातून एकदा स्पीच थेरपिस्ट मिळाले. दुसरे मिळाले ते दोन दिवसांच्या शिबिरातून 'रागोपचारा'चं प्रमाणपत्र आणलेले. त्यांनी तासभर बासरी ऐकवून पैसे घेतले. बाबा छान झोपले.

अमेरिकेत संगीतोपचारकाला पदवीसोबत १२०० तासांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण लागतं. आपल्याकडे वाशीला गांधर्व महाविद्यालय मंडळ आहे, कळव्याला महापालिकेचं रुग्णालय आणि वैद्यकीय महाविद्यालय. संगीत विशारद झालेल्यांसाठी तिथे स्पीच थेरपिस्टच्या देखरेखीखाली वॉर्डात शिकायचा अभ्यासक्रम सुरू करा. आणि पदंही मंजूर करा, नाहीतर तोही भिंतीवर लावायचा कागदच होईल.

तोवर मी घरी जमेल तसं करते. 'चहा दे' येतं. 'साखर कमी' अजून अडतं.

आपली,
एक पेटीशिक्षिका, ठाणे