गवंडी बुधवारी येतोय

ती. आई-बाबा,
सा. न.

आई, आधी रागावून घे. गवंड्याला आगाऊ पैसे दिलेत. निघणार आहे तो फक्त न्हाणीघराचा उंबरठा. तू हळदकुंकू वाहतेस त्याला कुणी हात लावणार नाही. बाबांच्या पार्किन्सनमध्ये पाय थिजतात ते नेमके दारात, त्यात उंबरठा आडवा आला की अंग पुढे जातं आणि पाय मागेच. भिंतीत स्टीलची दांडी बसेल, जमिनीपासून तीन फुटांवर, भोकं पाडून. रबरी चकत्यांनी चिकटणारं हँडल कुणी आणलं तर परत कर. ओल्या टाइलवरून ते सुटून हातात येतं.

बाबा थबकले की ओढू नकोस, तोल जातो. थांबायचं, वजन या पायावरून त्या पायावर घ्यायचं आणि ‘एक’ म्हणत मोठं पाऊल टाकायचं. दारात दीड-दीड फुटावर रंगीत चिकटपट्ट्या आडव्या लाव. पट्टी ओलांडायला पाय उचलतो. सपाट फरशीवर तोच पाय हलत नाही.

गोळी जेवणाआधी अर्धा तास, नुसत्या पाण्याबरोबर. दुधातली, वरणातली प्रथिनं गोळीतल्या औषधाला, लेव्होडोपाला, आतड्यातच अडवतात, मग गोळी घेऊनही अंग कडकच. बाबा, आमटी बंद नाही हो, फक्त वेळ पाळायची. मळमळलं तर एक मारी बिस्किट. उलटीवर कुणी मेटोक्लोप्रामाइड देऊ लागलं तर पार्किन्सन आहे म्हणून सांगा, त्याने कडकपणा वाढतो. आणि गोळ्या एकदम बंद करायच्या नाहीत, एक दिवससुद्धा. दहा दिवसांच्या उरल्या की आणायच्याच.

बाबा, सही बारीक होत चाललीय ना? दुरेघी वही पाठवलीय. रोज पाच ओळी, अक्षर दोन्ही रेघांना टेकलं पाहिजे. मला असंच गिरवायला बसवायचात, पेन्सिलीला टोकसुद्धा तुम्हीच करून द्यायचात.

आई, शर्टाची बटणं तू लावू नकोस. प्रेमानंच लावतेस, पण गोळीनंतर तासाभरात त्यांचे हात मोकळे होतात, तेव्हा शर्ट हातात दे. खालचं बटण आधी. दहा मिनिटं लागली तर लागू देत, तू तोवर चहा घे. गरम.

सिमेंट वाळेपर्यंत दोन दिवस न्हाणीघर बंद. आंघोळ मागच्या मोरीत, हातांच्या खुर्चीवर बसून, पायांखाली रबरी चटई. चटई माळ्यावर आहे; ती काढायला तू स्टुलावर चढायचं नाहीस.

तुमची,
धाकटी